आदिनाथच्या गाडीचा आवाज

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच माघारी फिरावं, माझी ना नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे घडलं माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या मुलाच्या, अमजदच्या बाबतीत. ठिकाण नगरजवळची नागापूर एमआयडीसी. मागच्या वर्षीचा हिवाळा. अमावस्या नव्हती, मध्यरात्रही नव्हती. दिवेलागणीची वेळ होती आणि शेडचं शटर सताड उघडं होतं.

मला त्याचीच जास्त भीती वाटते.

अमजद कसा माणूस आहे, ते आधी सांगतो. लहानपणी आम्ही सगळी भावंडं भुताच्या गोष्टी ऐकून पांघरुणात शिरायचो, तेव्हा हा पठ्ठ्या विचारायचा, "पण त्याचं वजन किती होतं?" मोठा झाल्यावरही तसाच राहिला. मोजता येतं तेवढंच खरं.

धंदाही त्याने तसलाच निवडला. त्याच्याकडे डायनो आहे. म्हणजे जमिनीत बसवलेला एक भला मोठा लोखंडी रोलर. मोटरसायकलचं पुढचं चाक घट्ट अडकवायचं, मागचं रोलरवर ठेवायचं, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळायची आणि रेस द्यायची. गाडी जागची हलत नाही. रोलर तेवढा फिरतो, आणि इंजिन किती ताकद टाकतंय त्याची रेघ कॉम्प्युटरच्या पडद्यावर चढत जाते. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या शर्यतीसाठी तयार करून घ्यायला त्याच्याकडे पार पुण्याहून पोरं यायची.

यायची म्हणतोय. आता तो टू-स्ट्रोक गाडीला हात लावत नाही.

त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी होती. एरवी त्या भागात प्रेसचे दणके, ट्रकचे हॉर्न, काही ना काही चालूच असतं. त्या दिवशी सगळं चिडीचूप. पत्र्याखाली बसलेल्या चिमण्या तेवढ्या बोलत होत्या.

दुपार कलली तशी एक पिकअप येऊन थांबली. मागे दोरखंडाने बांधलेली एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. पुढून एक बाई उतरली आणि तिचा नवरा. बाईचं नाव सविता, नवऱ्याचं कल्याण. अकोले तालुक्याच्या डोंगरातून, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातून, सकाळी निघाले होते.

"किती ताकद पाहिजे गाडीला?" अमजदने नेहमीचा प्रश्न विचारला.

"पळवायची न्हाई वो भाऊ," सविता म्हणाली. "हिचा आवाज पयल्यासारखा करून पायजे."

अमजदला वाटलं, सायलेन्सर फुटला असेल.

"फुटलेला न्हाई काय. आवाज बदललाय. माझ्या भावाची गाडी हाय ही. आदिनाथची. त्यो वारला."

मग तिने सांगितलं ते असं.

आदिनाथ संगमनेरला दूध डेअरीत कामाला होता. याच गाडीवर जायचा, याच गाडीवर यायचा. एक दिवस कामावरच ताप भरला. डेअरीतल्या लोकांनी दुसऱ्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी संपलं सगळं. गाडी तिकडे डेअरीच्या शेडमध्येच राहिली, धूळ खात.

घरी म्हातारे आईबाप. आई बनुबाई. वडील श्रीमंतबाबा; त्यांना आधीपासूनच विसर पडत चाललेला. पोराला माती द्यायला ते स्वतः उभे होते. आठ दिवसांत ते विसरले.

रोज सांज झाली की बाबा दारात येऊन बसायचे. वळणावळणाने वर येणारी गाडी खालपासून ऐकू यायची त्यांच्या घराला. ते कान देऊन बसायचे.

"ताट वाढू का?" आई विचारायची.

"आदिनाथ येऊ दे. बरुबर बसू."

अंधार पडायचा. बाबा उपाशी झोपायचे.

सांगून बघितलं, की बाबा, तो गेला. तर बाबांनी ऊर बडवून घेतला, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. आणि सकाळी परत विसरले. पुन्हा सांगायचा कुणाला धीर होईना.

शेवटी कल्याणने संगमनेरहून गाडी आणली. तिथल्या मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतली आणि सांजच्याला वर चढवत नेली. निदान आवाज ऐकून तरी बाबा दोन घास खातील.

बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. मग म्हणाले, "ही आपली न्हाई. कुनीतरी वाटसरू हाय. जाऊ द्या त्याला म्होरं."

"मेकॅनिकनी आतलं कायकाय बदललंय," कल्याण म्हणाला. "गाडी चांगली पळतीया आता. पन आवाज त्यो न्हाई. बाबांचं वजन पार निम्म्यावर आलंय."

अमजद म्हणाला, "ताई, माझं मशीन ताकद मोजतं. आवाज नाही मोजत."

सविताने मोबाईल पुढे केला. व्हिडिओ होता. अंगणात तिची लहान मुलगी "मामा आला, मामा आला" करत नाचतेय आणि लांबून गाडी वर येतेय. गाडी दिसत नाही. नुसता आवाज.

अमजदने तो व्हिडिओ कानाला लावून ऐकला. परत ऐकला.

मला तो सांगत होता, "टू-स्ट्रोक गाडी पत्र्याच्या डब्यासारखी तडतडते. ही तडतडत नव्हती. बोलत होती. घोगरी, जराशी ओली. तो ऑइल जास्त टाकत असणार आणि कार्बोरेटरमधून पेट्रोलही जास्त सोडत असणार. ताकदीच्या हिशेबाने चुकीचंच. पण चढावर तशी गाडी तापत नाही."

त्याने गाडी डायनोवर चढवली.

तास गेला, दुसरा गेला. कार्बोरेटर उघडायचा, पेट्रोल सोडणारा जेट बदलायचा, सुई एक खाच वर घ्यायची, गाडी चालवायची, थांबवायची. सविता स्टुलावर बसून ऐकायची आणि मान हलवायची.

"न्हाई. लई बारीक येतोय."

"आता लई जाड झाला."

उन्हं उतरली तेव्हा एकदा ती बोललीच नाही. अमजदने वळून पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता.

आवाज जुळला होता.

पण अमजदला एक गोष्ट खटकत होती. व्हिडिओत चढाच्या मधोमध आवाज एकदम पडतो. क्षणभरच, दम घेतल्यासारखा. मग परत उचलतो. आणि शेवटी दारात आल्यावर दोनदा रेस. एक मोठी, एक अर्धवट. मग बंद.

"हा मध्येच दम कसला घेते गाडी? इंजिन मिस मारतंय का?"

सविता रडता रडता हसली. "न्हाई वो. तिथं वळनावर शेजाऱ्यांची म्हातारी गाय बसायची रस्त्यात. ती बिचकू नये म्हनून त्यो रेस सोडायचा."

"मग ते इंजिनातलं नाही ताई. हातातलं आहे. ते मला करता येणार नाही."

हे त्याचे शब्द.

कल्याण पिकअप वळवून आणायला बाहेर गेला. अमजदने गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चालती ठेवली आणि उतरून कॉम्प्युटरकडे आला. सविता स्टुलावरच होती. गाडीजवळ कुणीच नव्हतं.

आधी चिमण्या थांबल्या.

एक-दोन नाही... सगळ्या एकदम.

मग धूर ओढायचा मोठा पंखा. तो फिरताना दिसत होता. पण त्याचा आवाज...

येत नव्हता.

अमजदला वाटलं कानात दडा बसला. त्याने बोटाने कान हलवला.

आणि गाडीची रेस वाढली.

हळूच. घाटाच्या पायथ्याला वाढवावी तशी.

आता हे नीट ऐका. टू-स्ट्रोक गाडी अशी आपोआप वाढू शकते. कुठून हवा आत खेचली गेली की इंजिन माणसाचं ऐकत नाही, सुसाट सुटतं. अमजदने हे दहा वेळा पाहिलंय. त्यामुळे तो घाबरला नाही. धावत गेला आणि चावी बंद केली.

गाडी चालूच.

यातही नवल नाही. सुटलेलं इंजिन चावीला दाद देत नाही. त्याने पेट्रोलचा कॉक बंद करायला हात पुढे केला...

आणि त्याचं लक्ष रेसच्या मुठीकडे गेलं.

मूठ फिरत होती.

इंजिन सुटलं तर मूठ फिरत नाही. मूठ फिरवायला हात लागतो.

अमजद मागे सरला. तेव्हा त्याला दिसलं, मागच्या पट्ट्या ढिल्या पडल्यात. त्याने स्वतः आवळलेल्या, तारेसारख्या ताठ पट्ट्या. सीट खाली दबली होती. मागचे शॉकअप बसले होते, माणूस बसल्यावर बसतात तसे.

रोलर घरघर फिरत होता. आवाज चढत होता. घोगरा, ओला. एक वळण. दुसरं वळण.

त्याने सवयीने पडद्याकडे पाहिलं.

शून्य.

डोळ्यांसमोर तो लोखंडी रोलर वेडापिसा फिरतोय... आणि पडद्यावर शून्य. रेघ जमिनीला चिकटलेली. मशीन सांगत होतं की इथे काहीच फिरत नाहीये.

मग आवाज पडला.

क्षणभर. दम घेतल्यासारखा.

सविता स्टुलावरून उठली. "आदी?" ती एवढंच म्हणाली.

आवाज परत उचलला. जवळ आला. हो, अमजद असंच म्हणतो, जवळ आला. गाडी समोर उभी असताना.

दोनदा रेस. एक मोठी.

एक अर्धवट.

आणि बंद.

सीट हळूच वर आली. पट्ट्या ताठ झाल्या. पंख्याचा आवाज परत सुरू झाला.

दोघंही जागचे हलले नाहीत. कल्याण आत आला आणि म्हणाला, "झालं का? काय झालं, आसं का बघताय?"

तेवढ्यात सविताचा मोबाईल वाजला. आईचा फोन. ती गाडीकडेच बघत राहिली, तेव्हा कल्याणनेच तो तिच्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"सवे, तुमी आलात व्हय?" बनुबाईंचा आवाज. "आत्ता गाडी आली. मी बी ऐकली. बाबा उठून दारात गेलं. पन अंगनात तर कोन न्हाई."

सविताने कसंबसं सांगितलं, "आई... आमी नगरलाच हाय अजून."

फोनमध्ये लांबून म्हाताऱ्याचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. मधूनच तो हसत होता.

मग बनुबाई अगदी हळू म्हणाल्या, "मग बाबा कुनाशी बोलतायत?"

अमजदने मला सांगितलं, त्या क्षणी त्याला वाटलं होतं की गाडी तिथेच ठेवून घ्यावी, इंजिन उघडून नट न् नट वेगळा करावा. तसं तो बोललाही. कल्याणच्याही तोंडाचा रंग उडाला होता. तो म्हणाला, "न्हाई न्यायची ही. हिथंच ऱ्हाऊ दे."

पण सविताने फोन जवळ घेतला. "आई, बाबा जेवतायत का?"

"दोन ताटं वाढाय लावली. बसलेत. भाकर खातायत... सवे, दुसरी भाकर मागतायत."

सविताने डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "चढवा गाडी. न्यायची."

तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. उपाशी बाप डोळ्यांसमोर असेल तर माणूस कशालाही घरात घेतो.

त्यानंतरचे दीड-दोन महिने अमजद गप्प गप्पच होता. खालाला वाटलं, धंद्यात काही बिनसलं असेल. सविताचा अधूनमधून फोन यायचा. पहिले काही दिवस कल्याणने सांजच्याला गाडी वर चढवत नेली. बाबा खूश. मग एकदा त्याला यायला उशीर झाला. तो खाली रस्त्यालाच होता, किक मारायच्या बेतात... आणि आवाज त्याच्या आधी वर चढून गेला. त्याने तो ऐकला. वळणावरचा दमसुद्धा ऐकला. गाडी त्याच्या दोन पायांत बंद उभी होती.

त्यानंतर त्याने गाडीला हात लावला नाही. पेट्रोल काढून टाकलं, गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली झाकून ठेवली.

आवाज यायचा थांबला नाही.

रोज सांजेला. बाबा जेवायचे, अंगावर मांस आलं, रिकाम्या पाटाकडे बघून डेअरीतल्या गोष्टी विचारायचे. घरातली बाकीची माणसं भिंतीला पाठ लावून बसायची.

मग एके दिवशी बाबा जेवले, हात धुतले, आडवे झाले आणि सकाळी उठलेच नाहीत. शांत गेले. चेहऱ्यावर कसलाही त्रास नाही, सविता म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, संपलं आता. ज्याच्यासाठी यायचा तो गेला.

दहाव्याच्या सांजेला पै-पाहुणे अंगणात बसलेले असताना खालून आवाज वर आला. सगळ्यांनी ऐकला. एक मोठी रेस, एक अर्धवट. लहान पोरगी "मामा आला" म्हणून दाराकडे धावली. सविताने तिला मधेच धरलं. पोरीच्या अंगात रात्रभर ताप होता.

तेरावं उरकलं आणि पुन्हा तीच पिकअप नागापूरला येऊन उभी राहिली.

सविता खूप वाळली होती. खाली उतरली आणि हात जोडले.

"भाऊ, त्यो आवाज काढून टाका."

अमजदने या वेळी भर दुपारी काम केलं. शेजारच्या कारखान्यातली चार माणसं मुद्दाम बोलावून बसवली. कार्बोरेटर नवा टाकला, सायलेन्सर नवा टाकला, ऑइल मोजून घातलं. गाडी रोलरवर चढवली आणि रेस दिली. पडद्यावर रेघ स्वच्छ चढली. आवाज कोरडा, तडतडता. बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीसारखा.

"झालं ताई."

सविता ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता ही कुनाचीच न्हाई." आणि गाडीच्या टाकीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

त्या सांजेला डोंगरात आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सविताने फोन करून सांगितलं. अमजद आईला घेऊन दर्ग्यात जाऊन आला. कधी न जाणारा माणूस.

पाचसहा दिवसांनी त्याला फोन आला. नंबर सविताचा, पण बोलत दुसरंच कुणीतरी होतं. म्हातारा, बारीक आवाज.

"गाडीवाले तुमीच का?"

"हो. कोण?"

"मी आदिनाथची आई."

"बोला मावशी."

"आवाज तुमी घालवला?"

"सविताताई म्हणाल्या म्हणून..."

"तिला भ्या वाटत हुतं. मला न्हवतं वाटत. पोरगं सांजचं घरला येत हुतं वो. मी ताट वाढीत हुते. बाप गेल्यावर बी वाढीत हुते."

अमजद फोन घेऊन शटरबाहेर येऊन उभा राहिला.

"त्या आवाजानं त्याला वाट घावत हुती. आता न्हाई घावत." बनुबाई रागावल्या नव्हत्या. तेच जास्त वाईट होतं. त्या अगदी काळजीने विचारत होत्या, पोर परगावी गेल्यावर आई विचारते तशा. "आता त्यो कुटं जात आसंल सांजचा?"

फोन बंद झाला.

अमजद आता दिवस मावळायच्या आत शटर ओढतो. डायनो त्याने विकायला काढलाय, गिऱ्हाईक मिळालेलं नाही. त्या शेडमध्ये पुन्हा काही घडलं का, असं मी त्याला सरळ विचारलंय. तो म्हणतो, नाही. काहीही नाही. मी त्याला ओळखतो, तो खोटं बोलत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं मनमाड रस्त्याला चहा पीत बसलो होतो. संध्याकाळ होत आली होती. ट्रकच्या रांगेत कुठेतरी लांबून एक टू-स्ट्रोक गाडी येत होती. हल्ली दिसत नाहीत फारशा.

अमजदने बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडलं. ग्लास खाली ठेवला. उठून पार रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, मान तिरकी करून. गाडी समोरून गेली, धूर सोडत. दुधाच्या किटल्या मागे बांधून चाललेला एक अनोळखी माणूस. आवाज संपेपर्यंत अमजद तसाच उभा होता.

मग येऊन बसला. चहा गार झाला होता.

"ती नव्हे," तो म्हणाला.

मी त्याला काही विचारलंच नव्हतं.